पात्याच्या आतलं नाव

"कुत्र्यांच्या गमतीजमती लिहा," असं संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी विचारलं, "माझ्या आधी कोणाला विचारलंत?" ते नुसते हसले. म्हणजे कोणीतरी आधी नाही म्हटलं होतं. तरीही लिहितेय, कारण गमतीजमती सोडून मला दुसरंच काही सांगायचंय, आणि ते सांगायला आधीच फार उशीर झालाय.

कर्वेनगरात सव्वीस वर्षं मी कुत्र्यांचे केस कापले. पेट ग्रूमर हा शब्द आता शाळेतल्या पोरांनाही माहीत असतो. मी सुरुवात केली तेव्हा आमच्या सोसायटीत मला 'कुत्र्यांची न्हावीण' म्हणायचे. तोंडावर नाही हं, जिन्यात. त्याआधी मी बायकांचं पार्लर चालवत होते. एक दिवस एक बाई फेशियलला आल्या आणि काखेतला ल्हासा जातीचा कुत्रा पुढे करून म्हणाल्या, "विजयाताई, याच्या डोळ्यांवरचे तेवढे जरा उडवा ना." मी उडवले. केस ते केस, त्यात काय एवढं, असं मला वाटलं. पहिली चूक ती.

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅसचं सिलिंडर आलं की मी ते वजनकाट्यावर चढवते. दुकानदार न विचारता 'ताजं आहे' म्हणाला की तारीख बघते. आमच्या ह्यांना घरी यायला उशीर झाला तर मी विचारत नाही, फक्त बघते. ते आपणहून सगळं सांगतात. या धंद्यात हा गुण फार उपयोगी पडतो. "अहो, आमचा अजिबात चावत नाही," असं म्हणणारा माणूस दारात आला की मी कुत्र्याकडे नाही, त्याच्या हातांकडे बघायची. एका गृहस्थांच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. म्हटलं, "हे काय?" म्हणाले, "हे? हे खेळताना." मी म्हटलं, "मग आज आपणच धरा त्याला, तो माझ्याशीही खेळायला लागायच्या आत." पुन्हा काही ते आले नाहीत.

तर कात्री. नव्यानं शिकणाऱ्या मुली अजून फोन करतात, "मॅडम, सुरुवातीला कुठली कात्री घेऊ?" मी त्यांना सांगते, आधी स्वतःचा हात बघ. मधल्या बोटाएवढी पाती पुरतात असं पार्लरमध्ये शिकवतात; कुत्र्याला ती पुरत नाहीत. पाठीवरून, पायांवरून सरळ रेघ यायची तर सात-साडेसात इंची कात्री लागते. पण हात लहान असेल तर आठ इंचीच्या नादाला लागू नये, मनगट बोंबलतं. अंगठा आत फार घालायचा नाही, नखाच्या मुळापर्यंतच. कापताना फक्त अंगठा हलला पाहिजे, बाकीची बोटं जागच्या जागी. एक सरळ, एक बाकदार, एक केस विरळ करायची दात्यांची. सुरुवातीला एवढ्या तीन बास. दुकानदार सात कात्र्यांचा संच दाखवेल, मखमली पाकिटासकट. पाकीट बघून जो कात्री विकत घेतो, तो कुत्राही पट्टा बघून घेईल.

आणि दुकानदार 'जपानी पोलाद आहे' म्हणाला तर ऐकून घ्यायचं, विश्वास ठेवायचा नाही. कात्री आडवी धरायची, एक पातं उचलायचं आणि सोडून द्यायचं. खाडकन मिटलं तर स्क्रू सैल, वरच अडकून राहिलं तर घट्ट. अर्ध्याच्या थोडं खाली येऊन थांबलं तर ठीक. मग कापसाचा ओला पुंजका कापून बघायचा, टोकापर्यंत. टोकाला कापूस दुमडला की कात्री परत.

सांभाळण्याचं म्हणाल तर तेही काही अवघड नाही, फक्त रोज करावं लागतं. न्हाऊ घातल्याशिवाय आणि पूर्ण वाळवल्याशिवाय कुत्र्याच्या अंगाला चांगली कात्री लावायची नाही, केसांतली माती धार खाऊन टाकते. संध्याकाळी पाती पुसायची, स्क्रूपाशी तेलाचा एक थेंब सोडायचा, कात्री मिटून ठेवायची. पडू द्यायची नाही. आणि घरातल्यांपासून लपवायची. एकदा माझ्या सासूबाईंनी माझ्या कात्रीनं दुधाची पिशवी कापली होती. "कात्रीच तर आहे," म्हणाल्या. मी त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांनीही ते फारसं मनाला लावून घेतलं नाही.

हे एवढं सगळं मी मन लावून करायचे. तरी धार जायचीच, जातेच. घरगुती चाकू-सुऱ्यांना धार लावणारे सायकलवर यायचे, पण या कात्रीची धार वेगळी. तिचं पातं बाहेरून फुगीर आणि आतून किंचित खोलगट असतं. चाकावर धरलं की संपलं. मग आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं नाव सांगितलं, अमीनभाई. मंडईच्या मागच्या बोळात एका खिडकीएवढं दुकान. त्यांचे वडील वस्तऱ्यांना धार लावायचे. अमीनभाई शिंप्यांच्या आणि न्हाव्यांच्या कात्र्यांना लावायचे. पांढरी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा आणि बोलणं पेठेतल्या माणसांपेक्षाही शुद्ध. कात्री हातात घेऊन त्यांनी डोळ्यांपाशी धरली, कानाशी नेऊन एकदा उघडली-मिटली आणि म्हणाले, "चांगली आहे. ठेवून जा. परवा या."

"आत्ता नाही होणार? मी थांबते की."

"समोर कोणी उभं असलं की माझा हात चालत नाही, ताई. परवा या."

ठेवून जा! मी घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. समोर का नको? काय करायचंय पाठीमागे? पार्लरच्या धंद्यातली माझी एक मैत्रीण होती, तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "विजया, सांभाळ हं. चांगलं पोलाद बघितलं की बदलतात. वरून तशीच दिसते." आणि मग ती आणखीही एक वाक्य बोलली, 'त्या लोकांबद्दल'. ते मी इथे लिहीत नाही. मला ते खटकलं नाही, हे मात्र लिहायलाच पाहिजे. आपल्यातला कोणी असता तर मी एवढी धास्तावले असते का? नसते. आज लाज वाटते, पण तेव्हा मला ती हुशारी वाटली होती.

परवा गेले. कात्री लखलखत होती. दांड्याजवळ माझ्या हाताचा काळपटपणा बसला होता, तोही गेलेला. कापसात अशी चालली की आवाज नाही. कोणीही खूष झालं असतं. मी घरी आणून दिव्याखाली धरून बघत बसले. एवढी स्वच्छ कशी? माझी कात्री अशी कधी होती? मग ही माझीच कशावरून?

सहा-सात महिन्यांनी पुन्हा धार लावायची वेळ आली. मी या खेपेला पुरती तयारी केली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे ना. लग्नातल्या पातेल्यापासून पाणी प्यायच्या भांड्यापर्यंत सगळ्यावर नाव, म्हणजे मंगलकार्यातून आपलं भांडं आपल्याच घरी परत येतं. मी तशीच तुळशीबागेत गेले आणि भांड्यांच्या दुकानाबाहेर बसणाऱ्या नाव घालणाऱ्यापुढे कात्री ठेवली. त्यानं वर बघितलं. "कात्रीवर? रुखवतात ठेवायचीय का?"

म्हटलं, "तुम्ही घाला. आणि बाहेरून नको, आतून. स्क्रूजवळ. मिटल्यावर दिसता कामा नये."

माझा बेत असा, की धारवाल्याला नाव दिसलं तर तो सावध होईल. दिसलं नाही तर पकडला जाईल. नाव घालणाऱ्यानं खांदे उडवले, मशीन टर्र केलं आणि एका पात्याच्या आतल्या बाजूला 'विजया' असं बारीक कोरून दिलं. मला किती समाधान वाटलं म्हणून सांगू! तिथून तशीच चालत अमीनभाईंकडे गेले आणि भोळा चेहरा करून म्हटलं, "ठेवून जाऊ ना?"

त्यांनी कात्री उघडली, कानाशी नेली. पुन्हा उघडली. चष्मा वर करून माझ्याकडे एकदा बघितलं. "ठेवा," म्हणाले.

दोन दिवसांनी आणली. घरी येऊन आधी नाव बघितलं, होतं. हुश्श केलं. दुसऱ्या दिवशी राणूचा नंबर होता. राणू ही कॉकर स्पॅनिएल, आमच्या भागातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची. कान गुडघ्यापर्यंत आणि स्वभाव गायीचा. बाई शेजारी खुर्चीत बसून तिला 'शहाणी ती' म्हणत होत्या. मी कानाच्या कडेचे केस कापायला लागले, तर कात्री कापेना. केस दोन पात्यांच्या मध्ये दुमडायचे. उघडताना-मिटताना खरखर. मी अंगठ्यानं जोर लावला. नवशिक्यांना पहिल्या दिवशी सांगतात की कात्री कापत नसेल तर खाली ठेव, जोर लावू नकोस. मी जोर लावला आणि कानाची कड कापली गेली.

कुत्र्याच्या कानाला जरा लागलं तरी रक्त फार येतं. राणूनं डोकं झटकलं आणि बाईंच्या पांढऱ्या साडीवर, भिंतीवर, माझ्या तोंडावर शिंतोडे उडाले. ती केकाटली नाही. नुसती टेबलावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. आम्ही कान दाबून धरून डॉक्टरांकडे नेलं, तीन टाके पडले. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "कशामुळे झालं हे?"

आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "धारवाल्यानं पातं बदललं हो."

कारण माझ्या डोक्यात ते तोवर पक्कं झालं होतं. नाव कुठे होतं? एकाच पात्यावर. मग त्यानं दुसरं बदललं! सोपं गणित. तशीच रिक्षेत बसून मंडई गाठली. दुकानापुढे एक शिंपी उभा होता, त्याच्या देखत मी म्हटलं, "अमीनभाई, हे पातं माझं नाही. कुत्रीचा कान कापला गेलाय!"

त्यांनी कात्री हातात घेतलीसुद्धा नाही. "दोन्ही पाती तुमचीच आहेत, ताई."

"मग कापत का नाही?"

ते म्हणाले, "मी सांगितलं तर तुम्हाला पटेल का?"

"पटण्यासारखं असेल तर पटेल."

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि शिंप्याच्या कात्रीकडे वळले.

झालं! राहू दे म्हणजे कबुलीच की, असं मी धरलं. त्या आठवड्यात मी आमच्या धंद्यातल्या जेवढ्या ओळखीच्या होत्या त्या सगळ्यांना फोन केले. कोथरूडच्या दोघी, औंधची एक, पार्लरवाल्या चार-पाच, कोपऱ्यावरचा सलूनवाला. प्रत्येकीला राणूच्या कानाचं सांगितलं आणि शेवटी 'पातं बदलतो, सांभाळा'. रक्ताची गोष्ट लोक लक्षात ठेवतात. मुख्याध्यापिका बाईंनीही त्यांच्या भिशीत सांगितलं. मला वाटलं, मी समाजकार्य करतेय.

मी नवी कात्री घेतली. जुनी पाकिटात घालून कपाटात टाकली. वर्ष-दीड वर्ष गेलं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. माझी हत्यारं म्हणजे कात्र्या, कंगवे, नखं कापायचे चिमटे. त्या वर्षी मी जुनीही काढली. वापरात नसली तरी हत्यारच ना ते. पूजेला मांडण्याआधी कापसानं पुसायला घेतली. स्क्रू काढून दोन्ही पाती वेगळी केली. नावाचं पातं आतून पुसताना कापूस अडकला. धारेला नव्हे, नावाला. 'विजया'च्या प्रत्येक अक्षराला कापसाचे तंतू लोंबायला लागले. मी बोट फिरवलं, तर खरखरीत. कोरताना अक्षरांच्या कडांना धातू वर आला होता, भांड्यावर येतो तसाच. भांड्याला त्यानं काही बिघडत नाही. पण कात्रीची दोन पाती आतून अगदी केसभर जागेवर एकमेकांना टेकून सरकतात, ती स्क्रूजवळ आणि धारेच्या कडेला. नेमकं तिथे मी माझं नाव घालून घेतलं होतं. माझ्या नावानंच पाती एकमेकांपासून उचलली गेली होती.

मी देवघरासमोर तशीच बसून राहिले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मी त्या माणसाला चोर ठरवलं हो!" आणि मला रडू फुटलं. हे बिचारे हळदीकुंकवाचं ताट हातात धरून उभे.

दसरा झाल्यावर गेले. दुकान उघडं होतं. समोर पूर्वी कात्र्या द्यायला-न्यायला आलेले पाच-सहा जण तरी असायचे, आज एकही नव्हतं. मी सुटी केलेली पाती त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "अमीनभाई, चूक माझी होती. माझ्या नावामुळे झालं सगळं."

"हो," ते म्हणाले.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हातात घेतल्यावर लगेच. आवाजच वेगळा आला."

"मग मला सांगायचं नाहीत का? घासून काढायचं होतंत ते!" माझा आवाज चढला. आपली चूक असली की तो चढतोच.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला. "ताई, कात्रीच्या आत, कुणाला दिसणार नाही असं कोणी नाव घालतं, ते कशासाठी, एवढं कळतं मला. ते घासलं असतं तर कात्री छान चालली असती. पण नाव गेलेली कात्री तुमच्या हातात ठेवली असती, तर ती तुमचीच आहे हे तुम्ही मानलं असतंत?"

याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"नाव ठेवायचं तर धार नाही, धार ठेवायची तर नाव नाही. मी धार लावली आणि नाव राहू दिलं. तुम्ही स्वतः विचाराल असं वाटलं होतं," ते म्हणाले. "पण कुत्रीला लागलं, ते वाईट झालं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. कशी आहे ती?"

राणूबद्दल विचारणारा तो त्या सगळ्या प्रकरणातला पहिला माणूस. मी ज्यांना ज्यांना फोन केले होते, त्यातल्या एकीनंही विचारलं नव्हतं. मी सांगितलं, बरी आहे, कानावर जरा केस कमी येतात तेवढंच. आणि म्हटलं, "घासून टाका हो ते नाव. मी परवा येते."

ते उठले. आतून एक स्टूल आणून दुकानासमोर बोळात ठेवलं, फडक्यानं पुसलं. "बसा."

"अहो, समोर कोणी असलं की आपला हात चालत नाही ना?"

"चालवतो. बसा."

मी बसले. त्यांनी सपाट दगडावर पाणी टाकलं आणि पातं आडवं धरून हळूहळू घासायला लागले. 'विजया'तला शेवटचा काना आधी गेला. दर थोड्या वेळानं ते पातं उचलून मला दाखवायचे. पाऊण तास लागला. येणारे-जाणारे बघत होते. शेवटी त्यांनी कात्री जोडली, स्क्रू बसवला, माझ्या हातात दिली. कापसात गेली ती लोण्यात गेल्यासारखी.

घरी येऊन मी पुन्हा सगळ्यांना फोन केले. बदनामीचा फोन दोन मिनिटांत संपला होता, हे फोन संपता संपेनात. कोथरूडची एक म्हणाली, "अगं, असेल तुझं म्हणणं खरं, पण आता मी दुसरा धरलाय." औंधची म्हणाली, "तुला त्यानं काही दमबिम दिला का?" मी शपथेवर सांगितलं, तर म्हणाली, "बरं बरं," पण तिचा आवाज सांगत होता की तिला पटलेलं नाही. सलूनवाला तेवढा परत गेला. मुख्याध्यापिका बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विजयाताई, आता भिशीत मी काय सांगू? तुम्हीच येऊन सांगा." गेले. चिवडा-लाडू खात बसलेल्या बारा बायकांपुढे उभी राहून सांगितलं. त्यांनी ऐकलं. एकीनं विचारलं, "मग पातं कोणी बदललं?"

धंदा बंद करेपर्यंत माझ्या कात्र्या मी अमीनभाईंकडेच नेल्या, दर सहा-सात महिन्यांनी. बाकी गिऱ्हाइकांना ते पूर्वीसारखंच सांगायचे, "ठेवून जा, परवा या." मी दिसले की आत जाऊन स्टूल आणायचे. मी त्यांच्या घरची चौकशी करायची, ते माझ्या कुत्र्यांची. चहा यायचा, वाद नाही, टोमणा नाही. पण धार लावून होईपर्यंत मला तिथेच बसवायचे, आणि मधूनमधून पातं उचलून दाखवायचे.

अशी तीन-चार वर्षं गेल्यावर एकदा मी धीर करून म्हटलं, "अमीनभाई, आज मी ठेवून जाते. माझा आता पूर्ण विश्वास आहे हो तुमच्यावर."

त्यांनी दगडावर पाणी टाकलं. वर न बघता म्हणाले, "नको, ताई. बसा."